ओपनस्ट्रीटमॅपमधील आकाररेखन

उपग्रहचित्रावरून रस्ते, इमारती, शेते आणि पाणवठ्यांच्या कडा गिरवणे व आधी काढलेले आकार दुरुस्त करणे, हे ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या जागतिक नकाशावरचे रोजचे मुख्य काम. स्टीव्ह कोस्ट यांनी 2004 मध्ये ब्रिटनमध्ये हा प्रकल्प सुरू केला. संपादनासाठी ब्राउझरमध्ये चालणारा ‘आयडी’ आणि संगणकावर बसवावा लागणारा, जावा भाषेत लिहिलेला ‘जोसम’ ही साधने विशेष प्रचलित आहेत. शिकायला आयडी सोपा. मात्र एका बैठकीत अख्खी वस्ती काढायची तर जोसमच हाताशी हवा.

या नकाशात सारे काही बिंदूंवर उभे आहे. बिंदू क्रमाने जोडले की रेषा होते आणि रेषेचा शेवट तिच्या पहिल्या बिंदूवर आला की आकार बंद होतो. एका रेषेत जास्तीत जास्त 2000 बिंदू चालतात. एकच बिंदू अनेक रेषांत सामाईक असू शकतो आणि कामाचा खरा वेग इथेच साधतो. दोन रस्ते पडद्यावर एकमेकांना छेदताना दिसले, तरी छेदावर सामाईक बिंदू नसेल तर मार्ग शोधणाऱ्या प्रणालीच्या दृष्टीने तो चौक अस्तित्वातच नसतो. शेजारच्या दोन शेतांचा बांध सामाईक बिंदूंनी काढला, तर पुढे एक बिंदू सरकवताच दोन्ही हद्दी सोबत सरकतात. वेगवेगळा काढला तर मध्ये चिंचोळी फट राहते किंवा एक शेत दुसऱ्यावर चढते, आणि ते निस्तरायला मूळ कामापेक्षा जास्त वेळ जातो. जोसममध्ये कर्सर जुन्या बिंदूजवळ नेला की तो आपोआप पकडला जातो. पकड नको असेल तेव्हा कंट्रोल कळ दाबून धरायची. रस्त्याच्या मध्यरेषेला मात्र शेताची कड चिकटवू नये. जमिनीवर शेत रस्त्याच्या मधोमध संपत नाही.

इमारतींसाठी जोसममध्ये वेगळी युक्ती आहे. चारही कोपरे डोळ्यांच्या अंदाजाने टिपले तर भिंती तिरक्या येतात. आकार काढून ‘क्यू’ दाबले की कोन काटकोनात बसतात. ‘बिल्डिंग टूल्स’ हे प्लगइन, म्हणजे जोसमला वरून जोडायचे साधन, त्याहून सोयीचे: ‘बी’ दाबून घराची एक बाजू आखायची, मग रुंदी ओढायची. तीन टिचक्यांत काटकोनी घर तयार होते आणि त्याला इमारतीचा टॅग, म्हणजे ‘ही इमारत आहे’ अशी नोंदही लागते. पुढे आलेली खोली किंवा पडवी दाखवायला ‘एक्स’ने भिंतीचा तुकडा बाहेर ओढता येतो. चौसोपी वाड्याला एवढे पुरत नाही. मधला चौक उघडा असल्याने बाहेरची आणि आतली अशा दोन बंद रेषा काढून त्यांचा बहुभुज-संबंध, म्हणजे दोन्ही मिळून एकच आकार असल्याची नोंद, बांधावा लागतो, नाहीतर अंगणावरही छप्पर असल्याचे नोंदले जाते.

जुना आकार चुकीचा दिसला की तो पुसून नवा काढण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण आकारासोबत त्याचा संपादन-इतिहास जोडलेला असतो. कोणी, कधी, काय बदलले हे त्यातून कळते. ‘डब्ल्यू’ दाबून सुरू होणाऱ्या अचूकता-सुधारणेच्या पद्धतीत रेषा तीच राहते: टिचकीने बिंदू हलतो, कंट्रोलसह टिचकीने नवा येतो, आल्टसह टिचकीने जातो. रेषा तोडायला ‘पी’, जोडायला ‘सी’. नदीच्या काठावर गरजेपेक्षा दाट बिंदू पडले असतील तर शिफ्ट आणि ‘वाय’ने ते विरळ करता येतात, पण वळणे बोथट झाली नाहीत ना, हे डोळ्यांनी तपासायलाच हवे.

हात कितीही बसला तरी चित्र फसवू शकते. उपग्रहाने तिरकस टिपलेल्या उंच इमारतीचे छप्पर पायापासून सरकलेले दिसते. अशा वेळी छपराचा आकार काढून तो पायाशी नेऊन ठेवावा. संपूर्ण चित्रच काही मीटर सरकलेले असू शकते. ते आधी जीपीएस-नोंदींशी जुळवून घ्यावे लागते.

आपत्तीत या कौशल्याचे मोल विशेष जाणवते. जानेवारी 2010 मधील हैतीच्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते आणि इमारती घरबसल्या गिरवून मदतपथकांना नकाशा पुरवला. 2015 च्या नेपाळ भूकंपातही असेच घडले. अशा मोहिमांत परिसराचे लहान चौकोन पाडून वाटले जातात आणि एकाने काढलेला चौकोन दुसरा तपासतो. अपलोडपूर्वी जोसमची तपासणी एकमेकांवर चढलेल्या इमारती आणि न जुळलेली रस्त्यांची टोके दाखवते. घाईच्या मोहिमेतही ही पायरी गाळू नये: तुटका रस्ता नकाशावर राहिला, तर रुग्णवाहिकेला लांबचा वळसा दाखवला जातो.