पोरं नापास झाली, ती कुणामुळे?

समजा, घटक चाचणीचे पेपर तपासून झालेत. चाळीसपैकी बारा मुलांनी अपूर्णांकांच्या बेरजेत अंशात अंश मिळवलेत, छेदात छेद. एक बाई म्हणतात, "घरी कुणी लक्षच देत नाही, आपण तरी काय करणार?" दुसऱ्या बाई गठ्ठा पुन्हा चाळतात. "अहो, बाराही जणांची चूक एकच आहे. छेद समान का करायचे, हे माझ्याकडूनच पोचलेलं नाही."

घडणाऱ्या गोष्टींची दोरी आपल्या हातात आहे की नशिबाच्या, याबद्दल प्रत्येकाची एक धारणा असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये ती मोजण्यासाठी विधानांच्या २९ जोड्यांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुढे १९७६ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या शाळांच्या एका अभ्यासात शिक्षकांपुढे दोन विधानं ठेवली गेली. त्यातलं एक जवळपास आपल्या पहिल्या बाईंचंच होतं: सगळं घरच्या वातावरणावर असतं, शिक्षक फारसं काही करू शकत नाही. ज्या शिक्षकांना आपल्या शिकवण्याचा भरवसा होता, त्यांच्या मुलांची वाचनातली प्रगती जास्त दिसली.

१९८१ मध्ये खास शिक्षकांसाठी २८ प्रश्नांची मोजपट्टी आली. त्यातले निम्मे प्रश्न मुलांच्या यशाबद्दल होते, निम्मे अपयशाबद्दल. मला ही विभागणी फार मोलाची वाटते. पहिला नंबर आला की 'मी शिकवलं' आणि नापास झाला की 'पोरगंच तसं', असं म्हणणारा माणूस एकाच सरासरीत सापडणार नाही.

स्वभावाचा इथे वाटा आहेच. सतत चिंतेत राहणाऱ्यांना दोरी बाहेर आहे असं वाटण्याकडे कल दिसतो. नेटानं, शिस्तीनं काम करणाऱ्यांना ती आपल्या हाती वाटते. पण हा कल आहे, कुंडली नव्हे. शिवाय मुलं शिकताना दिसली की भरवसाही वाढतो, म्हणजे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे एका पाहणीतून ठरत नाही. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेलं मूल चार-पाच महिने वर्गात नसेल, तर 'माझ्या हातात नाही' म्हणणारे गुरुजी हताश स्वभावाचे नसतात. ते खरं तेच सांगत असतात.

ती बारा मुलं मात्र वर्गातच होती. त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी बाई दोन सारख्या भाकऱ्या घेऊन येतात. एकीचे दोन तुकडे, दुसरीचे तीन. अर्धी नि एक तृतीयांश मिळून किती? तुकडे लहानमोठे, मोजता येईनात. मग दोन्ही भाकऱ्यांचे सहा-सहा तुकडे होतात. तीन इकडचे, दोन तिकडचे. मागच्या बाकावरून आवाज येतो, "पाच, बाई!"