राखेचा बुधवार

राखेचा बुधवार (भस्म बुधवार) : पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतील उपवासकाळाचा पहिला दिवस. तो ईस्टरच्या 46 दिवस आधी येतो. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून उपवासाचे दिवस 40. ईस्टरची तारीख हलती असल्यामुळे हा बुधवार 4 फेब्रुवारी ते 10 मार्च या काळात कधीही पडतो. मागल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून राख करतात आणि धर्मगुरू ती भाविकांच्या कपाळावर क्रुसाच्या आकारात लावतात. ‘तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील’ याची आठवण त्या वेळी दिली जाते, किंवा पश्चात्ताप करून शुभवर्तमानावर विश्वास ठेवायला सांगितले जाते.

या विधीत एक उघड विसंगती आहे. कॅथलिक मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) त्या दिवशी बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला उतारा वाचतात. दानाची दवंडी पिटू नका, प्रार्थना दार लावून करा, उपवासात उतरलेला चेहरा घेऊन हिंडू नका, उलट डोक्याला तेल लावा आणि तोंड धुवा, असे येशू त्यात सांगतो. हे ऐकून थोड्याच वेळात मंडळी रांगेत उभी राहतात आणि कपाळाला राख लावून रस्त्यावर येतात. असा दिखावा करणाऱ्यांसाठी मराठी बायबलमध्ये ‘ढोंगी’ हा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नाटकातला नट. प्रार्थनेच्या ‘खोली’साठीचा ग्रीक शब्दही घरातल्या कोठीसाठी वापरला जाई. म्हणजे जिथे कुणी पाहुण्याला बसवत नाही ती जागा.

पण याच मत्तयच्या पाचव्या अध्यायात दिवा मापाखाली ठेवू नका, लोकांना तुमची सत्कर्मे दिसू द्या, असे आहे; आणि दहाव्यात, जो मला माणसांसमोर पत्करील त्याला मी पित्यासमोर पत्करीन, असेही. हा तिढा जुन्या भाष्यकारांनाही दिसला होता. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिला ग्रेगरी याने काढलेली वाट अशी : कृती चारचौघांत असली तरी हेतू झाकलेला असावा. उत्तर नेमके आहे, पण हेतू मोजायचे माप कुणाकडे नसल्याने ते शेवटी ज्याचे त्यालाच लावून पाहावे लागते.

राखेचा इतिहास या प्रश्नाला वेगळे वळण देतो. आरंभी ती सर्वांसाठी नव्हती. गंभीर पाप केलेल्यांना जाहीर प्रायश्चित्त घ्यावे लागे. गोणपाट आणि राख ही त्यांची खूण. पुढे साधे भाविकही ती घेऊ लागले. सन 1000 च्या सुमारास इंग्लंडमधला मठवासी एल्फ्रिक आपल्या प्रवचनात राख नाकारणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगतो : त्याच आठवड्यात अंगावर आलेल्या कुत्र्यांशी झालेल्या झटापटीत तो स्वतःच्याच भाल्याने मेला. अशा धाकाची गरज भासत होती, यावरून प्रथा तेव्हा अजून पुरती रुजली नसावी. 1091 मध्ये इटलीतल्या बेनेव्हेंतोच्या धर्मसभेत पोप दुसरा अर्बन याने ती धर्मगुरू आणि सामान्य भाविक अशा सर्वांसाठी सांगितली. एकाच्या अंगावरची राख त्याला वेगळे पाडत होती; सगळ्यांनी घेतल्यावर तिने कुणालाच वेगळे ठेवले नाही.

धर्मसुधारणेच्या काळात बाह्य खुणांविषयीचा संशय वाढला. इंग्लंडमध्ये 1548 मध्ये राख लावणे बंद झाले. अँग्लिकन आणि इतर अनेक प्रॉटेस्टंट मंडळींत ते विसाव्या शतकात परतले. अमेरिकेत अलीकडे काही धर्मगुरू स्टेशनबाहेर उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्यांना राख लावतात, आणि तिथे हा वाद पुन्हा पेटतो. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत राख नाहीच. त्यांचा उपवास सोमवारी सुरू होतो. आदल्या रविवारी मत्तयचा हाच सहावा अध्याय वाचून लोक एकमेकांची क्षमा मागतात.

वसई, मुंबई, गोवा इथल्या कॅथलिकांत हा दिवस आवर्जून पाळतात. जिथे अंगारा, विभूती, गंध रोजचेच, तिथे राखेच्या क्रुसाकडे अनोळखी माणूस फारसा वळून पाहत नाही. ती किती वेळ ठेवायची याला चर्चचा नियम नाही. कुणी दारातच पुसतो, कुणी रात्री तोंड धुईपर्यंत ठेवतो.

इटलीसह अनेक देशांत राख कपाळावर न लावता टाळूवर भुरभुरतात. 2021 मध्ये कोविडच्या साथीमुळे व्हॅटिकनने हीच रीत सर्वत्र नेमून दिली : वचन एकदाच सर्वांसाठी म्हणायचे आणि मग प्रत्येकाच्या डोक्यावर मुकाट्याने राख टाकायची.