ज्येष्ठ साहित्यिकांचे मानधन: अर्ज नेमका कुठे अडतो

आयुष्यभर लिहून उतारवयात हाताशी काहीच न उरलेल्या लेखक-कवींसाठी महाराष्ट्र शासनाची एक मानधन योजना १९५४-५५ पासून चालू आहे. जुने लोक तिला अजून 'वृद्ध कलावंत मानधन' म्हणतात. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने तिचे नाव 'राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना' झाले. त्याआधी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा वर्गवारीनुसार ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये मिळत. आता वर्गवारी गेली आणि सगळ्यांना सरसकट दरमहा ५,००० रुपये ठरले. योजना सांस्कृतिक कार्य विभागाची आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि निवड जिल्हा समिती करते.

अर्ज भरायला कठीण नाही. तरीही खरोखर पात्र असलेल्या माणसांचे अर्ज परत येताना मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. बहुतेक वेळा कारण पात्रतेचे नसते, कागदाचे असते. म्हणून सोपे भाग इथे थोडक्यात उरकतो आणि जिथे गाडी रुतते तिथे थांबतो.

पात्रता थोडक्यात

वय ५० पेक्षा जास्त हवे, दिव्यांग असल्यास ४०. अर्जदार महाराष्ट्राचा रहिवासी हवा. साहित्य किंवा कलेच्या क्षेत्रातले योगदान किमान १५ वर्षांचे हवे. सर्व मार्गांनी मिळून वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपेक्षा जास्त नको. केंद्र किंवा राज्याच्या दुसऱ्या कुठल्या नियमित मासिक पेन्शनचा लाभ चालू नको. वयोवृद्ध विधवा, परित्यक्ता आणि दिव्यांग यांना प्राधान्य आहे.

आणखी एक अट आहे, ती वाचून पुष्कळ कवी अर्जच करत नाहीत: उपजीविका केवळ कलेवर अवलंबून आहे किंवा होती, आणि सध्या उत्पन्नाचे दुसरे साधन नाही. तमाशाच्या फडात उभा जन्म काढलेल्या कलावंताला ही अट लागू पडते. मराठीत कवितेवर घर चालवलेला माणूस शोधून सापडणार नाही. कोणी शेतमजुरी केली, कोणी छापखान्यात जुळारी होता, कोणी शिवणयंत्र चालवले आणि रात्री लिहिले. नियम लिहिताना साहित्यिकाचा वेगळा विचार झाला नाही हे उघड आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो. पण म्हणून अर्ज सोडू नका. अर्जात आणि शिफारसपत्रात वाक्याच्या उत्तरार्धावर भर द्या: आज उत्पन्नाचे दुसरे साधन नाही. ते खरे असेल तर तसे स्पष्ट लिहा. पूर्वी केलेली मजुरी लपवायची गरज नाही.

पंधरा वर्षांचा पुरावा

सगळ्यात जास्त अर्ज इथे पडतात. लेखक मंडळी कात्रणांची जाडजूड फाइल घेऊन येतात. उघडून पाहावे तर कविता चौकटीच्या कडेकडेने कात्रीने सुबक कापून पिवळ्या कागदावर डिंकाने चिकटवलेली. वृत्तपत्राचे नाव नाही, तारीख नाही, पानाचा क्रमांक नाही. मागच्या बाजूला अर्धवट जाहिरात. कवीला ती कविता कुठल्या रविवारच्या पुरवणीत आली ते तोंडपाठ असते, पण अर्ज तपासणाऱ्यापुढे फक्त कागद असतो. त्याच्या दृष्टीने हा बिनतारखेचा मजकूर आहे.

पुराव्याला तीन गोष्टी लागतात: तुमचे नाव, प्रकाशनाचे नाव आणि तारीख किंवा वर्ष. तिन्ही एकाच कागदावर, नाहीतर एकमेकांना जोडलेल्या कागदांवर दिसायला हवीत. दिवाळी अंकातले लेखन असेल तर मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि तुमच्या लेखनाचे पान, अशा तिन्हींच्या झेरॉक्स एकत्र लावा. पुस्तक असेल तर नुसते मुखपृष्ठ चालत नाही, कारण त्यावर वर्ष नसते. प्रकाशकाचे नाव, मुद्रकाचे नाव आणि 'प्रथमावृत्ती' असे छापलेले आतले पान हवे.

आकाशवाणीवर काव्यवाचन किंवा भाषण केले असेल तर त्या वेळचे करारपत्र घरात शोधा. पुष्कळांनी ते मानधनाच्या धनादेशासोबत आलेला किरकोळ कागद समजून रद्दीत टाकलेले असते. खरे तर त्यावर सरकारी शीर्ष, तुमचे नाव, कार्यक्रम आणि तारीख असे सगळे असते. इतका भक्कम पुरावा क्वचितच दुसरा कुठला असेल. संमेलनाची निमंत्रणपत्रिकाही उपयोगी पडते, पण तिच्यात तुमचे नाव छापलेले हवे. संमेलनाला हजर राहिल्याचा बिल्ला म्हणजे पुरावा नव्हे.

आणि पंधरा वर्षे म्हणजे पंधरा वर्षांचा पट. एकाच वर्षातली चाळीस कात्रणे लावून पंधरा वर्षे सिद्ध होत नाहीत. प्रत्येक दोन-तीन वर्षांमागे एखादा ठळक कागद असला की पट दिसतो. कागद वर्षानुसार लावा आणि वर एका पानाची यादी जोडा: वर्ष, लेखनाचे नाव, कुठे प्रसिद्ध झाले, सोबतच्या कागदाचा क्रमांक. ही यादी कोणी मागत नाही, पण समितीपुढे ढीगभर अर्ज असतात आणि तुमच्या फाइलला मिळणारा वेळ थोडा असतो.

मासिक बंद पडले, संपादक गेले, अंक घरात पुरात भिजले किंवा वाळवीने खाल्ले, तर जुन्या ग्रंथालयांकडे जा. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर या शतकाहून जुन्या संस्था आहेत. तुमच्या जिल्ह्यातही जुने सार्वजनिक वाचनालय असेल. अंकाचे नाव आणि अंदाजे वर्ष सांगितल्याशिवाय कोणी शोधून देऊ शकत नाही, तेव्हा आधी आठवणीने यादी करा. अंक सापडला तर झेरॉक्सवर ग्रंथपालाचा सही-शिक्का घ्या.

टोपणनावाचा घोळ

हा अडथळा नर्तक-वादकांना फारसा येत नाही, लेखकांना हमखास येतो. कविता एका नावाने, आधार कार्ड दुसऱ्या नावाने. टोपणनाव, आडनावाऐवजी गावाचे नाव, नुसती आद्याक्षरे, असे काहीही असते. बायकांच्या बाबतीत आणखी एक पदर: लग्नाआधीचे लेखन माहेरच्या नावाने, नंतरचे सासरच्या नावाने. तपासणाऱ्याला ही दोन वेगळी माणसे वाटतात आणि पुराव्याची निम्मी वर्षे एका फटक्यात बाद होतात.

उपाय एवढाच की नावे जोडणारा कागद आपणहून लावायचा. 'अमुक आणि तमुक ही एकाच व्यक्तीची नावे आहेत' असे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र करा आणि ज्या ज्या रूपात नाव छापले गेले आहे ती सगळी रूपे त्यात लिहा. प्रकाशक किंवा संपादक हयात असतील तर त्यांचे पत्र जोडा. माहेरच्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला लावा. टोपणनावासाठी राजपत्रात नाव बदलून घेण्याचा सल्ला काही जण देतात, त्याच्या नादी लागू नका. तुम्हाला नाव बदलायचे नाही, जोडायचे आहे.

उत्पन्नाचा दाखला

तो तहसीलदारांचाच हवा. सरपंचाचा किंवा नगरसेवकाचा चालत नाही. आपले सरकार सेवा केंद्रातून, म्हणजे आपल्या सेतूतून अर्ज होतो आणि तलाठ्याच्या चौकशीवर आकडा ठरतो. अडचण अशी की रेशन कार्ड एकत्र असले की मुलाचा पगार त्यात धरला जातो आणि ६०,००० ची मर्यादा सहज ओलांडली जाते. मुलगा वेगळा राहत असेल, सांभाळत नसेल, तर तलाठ्याकडे चौकशीच्या वेळीच तसे सांगा आणि वेगळे रेशन कार्ड असल्यास दाखवा. एकदा आकडा छापला गेला की तो दुरुस्त करून घेणे फार जड जाते. म्हातारी माणसे 'मुलाची बदनामी कशाला' म्हणून गप्प बसतात. समजते मला ते, पण तलाठी तुमच्या मुलाचा न्याय करत नाही, फक्त उत्पन्न लिहून घेतो.

दाखल्यावर मुदत छापलेली असते, साधारणपणे ३१ मार्चपर्यंतची. गेल्या वर्षी दुसऱ्या कामासाठी काढलेला दाखला जोडून अर्ज केला तर तो मुदतबाह्य ठरतो.

दुसरी पेन्शन चालू असेल तर

श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे पैसे घेणारे अनेक साहित्यिक आहेत, साहजिकच आहे. ही नियमित मासिक मदत असल्याने दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. ती लपवू नका. सगळे आधारला जोडलेले असते, आज नाही तर उद्या उघड होते आणि वसुलीची नोटीस येते. पण उत्साहाच्या भरात चालू मदत आधीच बंदही करू नका. निवड झाली नाही तर दोन्हीकडून हात रिकामे राहतील. 'निवड झाल्यास ही मदत सोडेन' असे लेखी दिलेले चालेल का, हे जिल्ह्याच्या कार्यालयाला विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. लाडकी बहीण योजनेतही इतर शासकीय योजनेतून दरमहा १,५०० रुपये किंवा जास्त मिळत असल्यास अपात्रता आहे, तेव्हा साठीच्या आसपासच्या लेखिकांनी हेही ध्यानात ठेवावे.

संस्थांची शिफारस

पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ ची, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ १९२३ चा, मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ चा, मराठवाडा साहित्य परिषद १९४३ ची. यांच्या शाखा जिल्ह्या-तालुक्यांत आहेत. या संस्था मानधन देत नाहीत, मंजूरही करत नाहीत. त्या शिफारस करू शकतात, आणि चांगले लिहिलेले शिफारसपत्र बिनतारखेच्या कात्रणांच्या फाइलला आधार देते.

दुर्दैवाने बहुतेक शिफारसपत्रे 'हे आमच्या भागातील नामवंत कवी असून त्यांना मानधन मिळावे ही विनंती' एवढ्यावर संपतात. त्यातून समितीला काहीही कळत नाही. पत्र संस्थेच्या नावाच्या छापील कागदावर, नोंदणी क्रमांक, जावक क्रमांक आणि तारखेसह हवे. आत ठोस मजकूर हवा: अमुक सालापासून आम्ही यांना ओळखतो, अमुक साली आमच्या कविसंमेलनात सहभागी झाले, अमुक पुस्तकाचे प्रकाशन आमच्या व्यासपीठावर झाले. शाखेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की जुनी इतिवृत्ते काढा आणि नोंद पाहून पत्र द्या. अर्धा तास जातो, पण समोरच्याचे काम होते.

आमदार-खासदारांच्या पत्रासाठी चपला झिजवण्यापेक्षा हे एक पत्र नीट मिळवा. आणि 'समितीत आपली ओळख आहे' म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. गरजू म्हाताऱ्यांना असे गाठणारे लोक आहेत.

अर्ज भरताना

आधार, वयाचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेचा तपशील, लागू असल्यास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि पुरस्कारांची प्रमाणपत्रे, हे नेहमीचे कागद. आधारवरची आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख जुळते का ते पाहा. पुष्कळांच्या आधारवर सरसकट १ जानेवारी पडलेली असते.

बँक खाते स्वतःच्या नावाचे, चालू आणि आधारला जोडलेले हवे. जुने पासबुक बघून आयएफएससी भरू नका. देना बँक आणि विजया बँक २०१९ मध्येच बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या, सिंडिकेट बँक पुढच्या वर्षी कॅनरामध्ये गेली. जुना क्रमांक टाकला की मंजूर झालेले पैसेही पोचत नाहीत.

मोबाइल क्रमांक स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा द्या. सायबर कॅफेवाल्याचा क्रमांक दिला की त्रुटीचा निरोप त्याच्याकडे जातो आणि तुम्ही वाट पाहत बसता. स्कॅन वाचता येतील असे हवेत. शेवटी अर्ज सादर झाल्याचा क्रमांक हातात आल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. माहिती भरून ठेवली म्हणजे अर्ज गेला असे नाही, आणि मुदत सादर करण्याची असते, भरायला घेण्याची नाही.

एका जिल्ह्यातून वर्षाला १०० जणांची निवड होते आणि त्यात शाहीर, भजनी, वादक, तमाशा कलावंत, साहित्यिक सगळे येतात. म्हणून पात्र असूनही पहिल्या वर्षी नाव लागेलच असे नाही. नाव न लागणे आणि अर्ज अपात्र ठरणे यात फरक आहे. कोणते झाले ते लेखी विचारा. अपात्र असेल तर कारण दुरुस्त करा. नुसता क्रम लागला नसेल तर तोच पुरावा पुढच्या वर्षीही चालतो, फक्त उत्पन्नाचा दाखला नवा काढायचा.

तरुण कवी याच योजनेची चौकशी करतात, त्यांचा रस्ता वेगळा आहे. पहिले पुस्तक छापायचे असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहा. तिच्यासाठी हस्तलिखिते जानेवारी महिन्यात मागवली जातात. त्याआधी स्वखर्चाने एखादे पुस्तक काढून बसलात तर ते पहिले पुस्तक उरत नाही.

मंजुरीनंतर

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की मानधन थांबते आणि पुन्हा सुरू करायला खेटे घालावे लागतात. अंथरुणाला खिळलेल्या लेखकाच्या घरच्यांनी ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

अर्जासोबत पती-पत्नीचा एकत्र फोटो मागतात, तो पुष्कळ जण टाळतात किंवा लग्नातला जुना फोटो लावतात. आताचा काढा. लेखकाच्या पश्चात मानधन पती किंवा पत्नीला मिळू शकते आणि त्या वेळी हा फोटो ओळखीचा कागद ठरतो. ते आपोआप सुरू होत नाही: मृत्यूचा दाखला, जोडीदाराचे आधार आणि जोडीदाराच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते घेऊन जिल्ह्याच्या कार्यालयात वेगळा अर्ज करावा लागतो. कित्येक घरांत जोडीदाराच्या नावाचे खातेच नसते. ते आजच उघडून ठेवा.