समानुभूती आणि रुग्णाची वेदना

रुग्णाचे दुखणे समजून घेणे आणि ते समजले आहे हे बोलण्यातून, नजरेतून किंवा स्पर्शातून त्याला जाणवू देणे, म्हणजे शुश्रूषकाची (डॉक्टर, परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्टची) व्यक्त समानुभूती. वेदनेच्या दृष्टीने खरे महत्त्व ती व्यक्त करण्याला आहे. डॉक्टर मनातल्या मनात कितीही हळहळले तरी रुग्णाला त्याचा पत्ता नसतो.

वेदना इजेच्या प्रमाणातच होते असे नाही. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारे चेतामार्ग इजेचे संदेश दाबतात किंवा वाढवतात. भीतीने दुखणे वाढते, आराम पडेल या भरवशाने कमी होते. शुश्रूषकाच्या वागण्याचा परिणाम बराचसा याच वाटेने होत असावा.

१९६४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात भूलतज्ज्ञाने पोटाच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णांना भेटून नंतर कुठे, कसे दुखेल आणि अंग सैल सोडून ते कसे सोसावे हे समजावले. असे न समजावलेल्यांच्या मानाने या रुग्णांना अफूजन्य वेदनाशामके जवळजवळ निम्मीच लागली.

कॅनडातील २०१४ चा प्रयोग अधिक बोलका आहे. जुनाट कंबरदुखीच्या ११७ रुग्णांपैकी काहींना उपचार म्हणून खरा विद्युतप्रवाह दिला, काहींना लटका (यंत्र लावले, पण प्रवाह सोडला नाही). काहींच्या बाबतीत फिजिओथेरपिस्ट जेमतेम बोलून खोलीबाहेर गेला. इतरांची त्याने दुखण्याची हकीकत विचारली, लक्ष देऊन ऐकली आणि उपचारभर तो तिथेच थांबला. आपुलकीसह लटका प्रवाह मिळालेल्यांची वेदना ५४ टक्क्यांनी उतरली, तर तुटक वागणुकीसह खरा प्रवाह मिळालेल्यांची ४६ टक्क्यांनी. दोन्ही मिळालेल्यांची मात्र ७७ टक्क्यांनी, तेव्हा यंत्र अडगळीत टाकायचे कारण नाही.

नुसता गोडवा अंगाशीही येतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या गाठींवर त्वचेतून उपकरण घालून उपचार होत असताना, केवळ समानुभूतीने लक्ष दिलेल्या गटात ४८ टक्के रुग्णांना प्रतिकूल घटनांना (जादा वैद्यकीय लक्ष द्यावे लागणाऱ्या अडचणींना) तोंड द्यावे लागले. नेहमीच्या शुश्रूषेत हे प्रमाण २६ टक्के, आणि समानुभूतीला स्वसंमोहनाची (स्वतःला शांत, एकाग्र अवस्थेत नेण्याच्या तंत्राची) जोड दिलेल्या गटात १२ टक्के होते. चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. आपुलकीबरोबर रुग्णाच्या हाती काही उपायही द्यावा लागतो, असा याचा अर्थ लावता येतो. १९६४ च्या भूलतज्ज्ञाने तेच केले होते.

२०१८ च्या एका आढाव्यात अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर परिणाम दिसला, पण तो लहान. २०२४ मध्ये कंबरदुखीच्या १,४७० अमेरिकन रुग्णांच्या वर्षभराच्या पाहणीत, ज्यांना आपला डॉक्टर अधिक समानुभूतीचा वाटला त्यांचे दुखणे कमी आढळले. मात्र ही पाहणी होती, प्रयोग नव्हे: ज्याला आराम पडतो त्यालाही आपला डॉक्टर अधिक मायाळू वाटू शकतो.