स्टेपनीच्या जागेतील पेटी आणि टाकी

मालवाहू पिकअपच्या हौद्याखाली, मागच्या धुरीच्या (ॲक्सलच्या) पलीकडे, साखळीला टांगलेली स्टेपनी काढून हौद्यात कॅबिनच्या पाठीशी उभी केली, की खाली एक जागा मोकळी होते आणि ती मोकळी जागा मालकाला स्वस्थ बसू देत नाही. धुळे, शिरपूर, जळगाव या पट्ट्यातल्या गॅरेजांत या जागेत पत्र्याचा एक चपटा डबा बसवून दिला जातो. मात्र ‘स्टेपनीच्या जागेचा डबा’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू खपतात. एक हत्यारे आणि दोर ठेवायची पेटी, दुसरी डिझेल किंवा पाणी भरायची टाकी. बाहेरून दोन्हींचा पत्रा सारखा, रंग सारखा, माप सारखे. एकीला झाकण आणि कुलूप, दुसरीला टोपण आणि नळी, एवढाच फरक डोळ्यांना दिसतो. प्रत्यक्षात पेटी हे गाडीत ठेवलेले सामान आहे आणि टाकी हा गाडीला जोडलेला अवयव आहे, आणि कोणता डबा घ्यायचा, तो कसा बसवायचा, कोणाला विचारून बसवायचा, हे सारे या भेदावर ठरते.

आधी जागेचे माप पाहू. पिकअपला चालणारा २१५/७५ आर १५ मापाचा टायर बाहेरून सुमारे ७० सेंटिमीटर व्यासाचा आणि साडेएकवीस सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे त्याने व्यापलेली जागा साधारण ८४ लिटरची भरते. ही सगळी जागा वापरता येत नाही. सायलेन्सरचा पाइप, ब्रेकची नळी आणि पाट्यांची (चाकांवरच्या स्प्रिंगची) हालचाल यांच्यासाठी मोकळीक सोडावी लागते. त्यामुळे ६५ × ५० × २० सेंटिमीटर, म्हणजे ६५ लिटरचा डबा बहुधा सोयीचा पडतो. दोन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचा असा डबा रिकामाच १७ किलोच्या आसपास भरतो. त्यात जॅक, टॉमी, पाने, दोर आणि दोन-तीन कोयते ठेवले तर वजन ४० किलोपर्यंत जाते. डिझेल भरले तर ७० आणि पाणी भरले तर ८० किलोच्या पुढे. तिथे आधी टांगलेले चाक मात्र २५ ते ३० किलोचेच होते, आणि ते चाक गाडीतून गेलेले नाही, फक्त वर हौद्यात गेले आहे, ही गोष्ट हिशोबात बहुतेकांकडून सुटते.

हे वजन मागच्या धुरीच्याही मागे पडते. दोन धुरींमधले अंतर ३ मीटर आणि डब्याचा मध्य मागच्या धुरीपासून ९० सेंटिमीटर मागे धरला, तर ८० किलोच्या भरलेल्या टाकीमुळे मागच्या धुरीवर १०४ किलो येतात आणि पुढच्या धुरीवरचे २४ किलो उचलले जातात. रिकाम्या गाडीला हे जाणवतही नाही. पण हौद्यात मागपर्यंत केळीचे घड रचून गाडी बिजासन घाट चढू लागली, की स्टेअरिंग हलके लागण्याचे एक कारण हेही असते. पेटीतले वजन निदान जागचे हलत नाही. अर्धी भरलेली टाकी मात्र ब्रेक मारताच आतले द्रव पुढे फेकते आणि वळणावर बाजूला ढकलते, म्हणून तिच्या आत भोके पाडलेल्या आडव्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असाव्या लागतात. टाकी हातात घेऊन हलवून पाहावी आणि पट्ट्या आहेत का, हे टोपणातून विजेरी मारून बघावे. रंगावरून ते कळत नाही.

धुळ्यातल्या एका गॅरेजात मी पाहिलेली एक गाडी इथे सांगण्यासारखी आहे. शिरपूरकडच्या एका शेतकऱ्याने आपली पेटी थेट स्टेपनीच्या विंचला, म्हणजे चाक साखळीने वर ओढून धरणाऱ्या यंत्राला, टांगली होती. गाडी गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली तेव्हा साखळीच्या खालच्या दोन कड्या घासून चांदीसारख्या चकचकीत झालेल्या दिसल्या, आणि पेटीची वरची कड जिथे चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, आडव्या पट्टीला आपटत होती, तिथला रंग बोटभर रुंदीत उडून लोखंड उघडे पडले होते. “जागा रिकामी शे ना, नाना,” एवढेच त्याचे म्हणणे होते, आणि मिस्त्री नानांनी उत्तर न देता ती कडी पकडीत धरून हलवून दाखवली. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. विंच चाकाला वर ओढते तेव्हा टायरचे रबर आडव्या पट्टीवर दाबले जाते आणि त्या दाबामुळे साखळी कायम ताणलेली राहते. पत्र्याची पेटी दबत नाही. रस्त्याच्या हादऱ्यांनी ती किंचित सैल झाली, की प्रत्येक खड्ड्याला साखळीला झटका बसतो आणि कडी झिजत जाते. विंच चाकासाठी आहे आणि पेटी असो वा टाकी, ती चेसिसला नटबोल्टानेच बसवावी, हा नियम दोघींना सारखाच लागू आहे. त्यासाठी चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला नवे भोक पाडू नये आणि वेल्डिंग तर अजिबात करू नये, कारण वाकण्याचा ताण सर्वाधिक तिथेच येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. मूळ भोके आणि यू-बोल्ट यांवर काम भागते.

यापुढे मात्र दोघींच्या वाटा उलट होतात. पेटीच्या तळाला दोन-तीन भोके हवीत, कारण तापीकाठच्या काळ्या मातीतून गाडी बाहेर आली, की चिखल झाकणाच्या फटीतून आत शिरतोच आणि धुताना गेलेले पाणी बाहेर पडायला वाट नसेल, तर दोन पावसाळ्यांत तळ गंजतो. पेटीचे झाकण धुळीसाठी घट्ट बसावे, बिजागरी मागच्या बाजूला तोंड करून असावी आणि तिला ग्रीस नको, कारण ग्रीसवर माती बसून दगडासारखी होते. टाकीला तळाशी फक्त गाळ काढायचा बंद बूच असावा आणि वरून मात्र ती श्वास घेणारी असावी. डिझेल तापले की फुगते. पहाटे थंड डिझेलाने काठोकाठ भरलेल्या ६५ लिटरच्या टाकीत, तापमान २५ अंशांनी वाढले तर सव्वा लिटरहून अधिक डिझेल जास्तीचे होते, आणि त्याला जागा नसेल तर ते टोपणातून सायलेन्सरच्या पाइपवर गळते.

इथे खानदेशाचा उन्हाळा हिशोबात घ्यावाच लागतो. भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनबिंदू, म्हणजे ठिणगी लागल्यास वाफ पेट घेते ते तापमान, किमान ३५ अंश सेल्सिअस असले तरी चालते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा ४४-४५ वर जातो आणि डांबराच्या वर, गाडीच्या पोटाखाली, त्याहूनही अधिक तापते. शिवाय एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) डिझेल गाड्यांत धुराच्या पाइपावर काजळी पकडणारा फिल्टर असेल, तर तो स्वतःला साफ करताना आतून ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापतो. त्यामुळे टाकी आणि पाइप यांच्यामध्ये उष्णतारोधक पत्रा आणि हवेची फट असलीच पाहिजे. पेटीलाही ही काळजी हवी, कारण तिच्यात ठेवलेल्या तेलकट चिंध्या आणि गोणपाट तापून धुमसू शकतात. परंतु पेटी रिकामी करता येते, टाकी रिकामी केली तरी तिच्यात वाफ उरते. डिझेलाची रिकामी टाकी वेल्डिंगला देणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे.

डिझेलाची जोडटाकी लोकांना का हवी असते, हे उघड आहे. नवापूरकडून ये-जा करणाऱ्याला सीमेपलीकडे गुजरातेत डिझेल स्वस्त मिळत असेल, तर जास्तीचे भरून आणण्याचा मोह होतो. लिटरमागे दोन रुपये वाचले असे धरले, तर ६५ लिटरांना १३० रुपये होतात, आणि तेवढ्यासाठी भरल्यावर सत्तर किलोची होणारी टाकी कायमची वाहायची का, याचा विचार ज्याने त्याने करावा; माझ्या मते हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. त्यातूनही टाकी लावायचीच असेल तर तिची नळी थेट इंजिनाला जोडू नये. आजच्या कॉमन-रेल (एकाच सामायिक नळीतून सर्व सिलिंडरांना उच्च दाबाने डिझेल देणाऱ्या) इंजिनातून न जळलेले बरेच डिझेल परतीच्या नळीने मूळ टाकीत येते. ओढायचे जोडटाकीतून आणि परत सोडायचे मूळ टाकीत अशी रचना झाली, तर मूळ टाकी भरून वाहू लागते. जोडटाकीतून छोट्या पंपाने मूळ टाकीत डिझेल घ्यावे आणि तेही मूळ टाकीत जागा असतानाच. पाण्याच्या टाकीला यातले काहीच लागत नाही. मात्र तिचे पाणी फवारणीला आणि हातपाय धुवायला ठेवावे, पिण्याला नव्हे.

कायद्याच्या नजरेतही या दोन वस्तू एक नाहीत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रात लिहिलेला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपासून वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. नटबोल्ट काढून अर्ध्या तासात उतरवता येणारी हत्यारांची पेटी आणि इंधनाच्या मार्गात जोडलेली टाकी यांच्याकडे अधिकारी सारख्याच नजरेने पाहील, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल. टाकीसाठी आरटीओ कार्यालयात आधी विचारावे आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. पासिंगच्या दिवशी टाकी उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवायची, ही आपल्याकडची रीत अपघातानंतर विम्याच्या दाव्यात उपयोगी पडत नाही.

स्टेपनी घरीच ठेवून हौद्याचीही जागा वाचवावी, असे काही जण सुचवतात. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांबाबत दिलेली स्टेपनीची सवलत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या गाड्यांपुरती आहे. ट्यूबचे टायर असलेल्या जुन्या पिकअपला ती मिळत नाही, आणि बाभळीच्या काट्यांच्या शिवाररस्त्यावर स्टेपनीशिवाय जाणे तसेही परवडणारे नाही. चाक हौद्यात उभे करून कडीबोल्टाने आवळावे व त्याला कुलूप लावावे. खाली पेटी बसल्यावर विंच काढून टाकावी. काढायची नसेल तर तिची साखळी पूर्ण वर गुंडाळून तारेने बांधावी, कारण सैल सुटलेली साखळी खाली लोंबली, की आधी गाठते ती ब्रेकची नळी.