एडीएचडी आणि ॲलर्जीचे आजार : कौटुंबिक संबंध

एका भावंडाला दमा किंवा इसब आणि दुसऱ्याला एडीएचडी (अवधान-न्यूनता व अतिचंचलता), अशी घरे निव्वळ योगायोगाने दिसावीत त्याहून जास्त दिसतात. २०१८ च्या एका मोठ्या समन्वित विश्लेषणात (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून), इतर घटक वजा करूनही, दमा असलेल्यांत एडीएचडीची शक्यता सुमारे दीडपट निघाली. दीडपट म्हणजे शंभरातील पाच मुलांऐवजी सात-आठ. दम्याच्या बहुतेक मुलांना एडीएचडी नसतोच.

एडीएचडीतील आनुवंशिक वाटा जुळ्यांच्या अभ्यासांत सुमारे ७४ टक्के येतो. दम्यातही तो मोठा आहे. एका आजारातून दुसरा उद्भवतो, की दोन्ही आजारांचे मूळ एक, हे नात्यांच्या तुलनेतून तपासतात. एकरूप जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखी, सख्ख्या भावंडांची सरासरी निम्मी, सावत्रांची पाव. एकाचा दमा आणि दुसऱ्याचा एडीएचडी यांची सांगड नाते दुरावेल तशी सैल होत गेली, तर सामाईक जनुकांकडे बोट जाते. मात्र घरातला धूर, ओल आणि आईचे गरोदरपणातील आजारही भावंडांत सामाईक असतात, हा हिशेब अनेकदा राहून जातो.

दवाखान्यात खरा घोळ झोपेवरून होतो. इसबाची रात्रीची खाज, चोंदलेले नाक, घोरणे यांनी झोपमोड झालेले मूल वर्गात चुळबुळते आणि एडीएचडीच्या लक्षणयादीतल्या खुणा भरतात. निदानाला नऊपैकी सहा लक्षणे, किमान सहा महिने, घर-शाळा अशा दोन ठिकाणी आणि सुरुवात बारा वर्षांच्या आत, इतके लागते. म्हणून खाज-नाक-झोप-औषधांची दोन आठवड्यांची वही ठेवावी, ॲलर्जी आटोक्यात आणावी आणि लक्षणे पुन्हा मोजावीत. ती टिकली तर एडीएचडीचे उपचार लांबवू नयेत.

औषधेही फसवतात. क्लोरफेनिरामिनसारखी जुनी ॲलर्जीरोधके मेंदूत शिरून गुंगी आणतात. फेक्सोफेनाडिनने ती फारशी येत नाही. साल्ब्युटामॉल या दम्याच्या औषधाने हात थरथरतात, मूल अस्वस्थ होते. माँटेलुकास्ट या दमा-ॲलर्जीच्या औषधावर मनोवर्तनातील बदलांबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये चौकटीतला इशारा लावला. औषध सुरू केल्यावर चिडचिड वा दुःस्वप्ने आली तर डॉक्टरांना लगेच सांगावे. या भीतीने स्टेरॉइडचा पंप परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे. दमा उसळतो आणि झोपही जाते.

रक्तातील आयजीई (ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंड) वाढले एवढ्यावरून दूध-गहू तोडण्याची प्रथा चुकीची. त्रासाचा इतिहास जुळल्याशिवाय ती ॲलर्जी ठरत नाही.