मारणारा, मार खाणारा आणि बघणारे

2009 साली ब्रिटनमध्ये ‘टॉर्मेंटेड’ नावाचा चित्रपट आला. शाळकरी मुलांचा स्लॅशर, म्हणजे एकेकाला गाठून मारत जाणारा भयपट, पण विनोदाच्या अंगाने जाणारा. डॅरन मलेट हा जाडसर, दम्याचा पंप जवळ बाळगणारा मुलगा टोळक्याच्या छळाला कंटाळून जीव देतो आणि भूत होऊन परत येतो. मग छळणाऱ्यांचा एकामागून एक नंबर लागतो. प्रेक्षक हसतात, मनातल्या मनात भुताची बाजू घेतात. मला मात्र त्या खुनांपेक्षा सुरुवातीचा एक प्रसंग जास्त अस्वस्थ करतो. डॅरनच्या अंत्यविधीला शाळेची हेड गर्ल जस्टीन श्रद्धांजलीचं भाषण करते, आणि तो मुलगा तिला धड आठवतसुद्धा नाही.

‘बुलिंग’ला मराठीत नेमका एक शब्द नाही. दादागिरी म्हणावं तर त्यात छळ येत नाही, चिडवणं म्हणावं तर ते फारच सौम्य होतं. या प्रकाराची शास्त्रीय व्याख्या केली ती डॅन ओल्विअस या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने. मुद्दाम दिलेला त्रास, पुन्हा पुन्हा दिलेला, आणि जिथे समोरच्याला स्वतःचा बचाव करणं कठीण जातं असा. या तीन अटींमुळे दोन बरोबरीच्या मुलांची मारामारी वेगळी काढता येते. ओल्विअस यांचं काम 1970च्या दशकात सुरू झालं होतं, पण जग जागं झालं ते एका दुःखद घटनेनंतर. 1982च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांनी केलेला छळ हे त्यामागचं कारण असावं असं दिसत होतं. पुढच्याच वर्षी नॉर्वे सरकारने देशभरातल्या शाळांत मोहीम उघडली. ब्रिटनमध्ये 1990च्या दशकाच्या सुरुवातीला पीटर स्मिथ आणि सहकाऱ्यांनी शेफील्डमधल्या साडेसहा हजारांहून अधिक मुलांना प्रश्नावली दिली. प्राथमिक शाळेतल्या 27 टक्के आणि माध्यमिक शाळेतल्या 10 टक्के मुलांनी, या सत्रात आपल्याला अधूनमधून किंवा त्याहून जास्त वेळा त्रास झाला, असं लिहिलं.

‘मुलं आहेत, होतं असं, मोठी झाली की विसरतात.’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. त्याची तपासणी करण्याची संधी ब्रिटनकडे होती, कारण मार्च 1958च्या एका आठवड्यात इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या मुलांची नोंद तिथे आयुष्यभर ठेवली जातेय. ही मुलं 7 आणि 11 वर्षांची असताना पालकांना विचारलं होतं, की इतर मुलं याला त्रास देतात का? लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी त्यातल्या 7,771 जणांची माहिती 2014 साली मांडली. तोवर ती ‘मुलं’ पन्नाशीला पोहोचली होती. लहानपणी वारंवार छळ झालेल्यांमध्ये नैराश्य, चिंतेचे विकार आणि आत्महत्येचे विचार यांचं प्रमाण पंचेचाळिशीतही जास्त होतं. घरची परिस्थिती, बालपणीची बुद्ध्यंक चाचणी, आधीचे भावनिक प्रश्न हे सगळं हिशेबात घेऊनही हा फरक पुसला गेला नाही. जवळपास चाळीस वर्षं मधे गेली होती.

पण असं कोणी म्हणेल, की मुळात नाजूक मुलांनाच लोक छळतात, मग पुढचा त्रास छळामुळे की स्वभावामुळे? या प्रश्नाचं मला सर्वांत पटलेलं उत्तर एकसारख्या जुळ्यांच्या अभ्यासात आहे. जनुकं तीच, घर तेच, आईबाप तेच. फक्त दोघांतल्या एकाला शाळेत छळलं गेलं, दुसऱ्याला नाही. बारा वर्षांच्या अशा 30 जोड्या ब्रिटनमध्ये मिळाल्या. मुलांना थोडा ताण येईल असं काम दिलं आणि लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी शरीराला कामाला लावणारं संप्रेरक. न छळलेल्या भावंडात ते अपेक्षेप्रमाणे वाढलं. छळ सोसलेल्यात मात्र वाढ जवळपास दिसलीच नाही. सारखी वाजत राहिलेली धोक्याची घंटा जणू बोथट झाली होती. एकाच चेहऱ्याची दोन मुलं आणि आतून दोन वेगळी शरीरं. हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

आता सूडाकडे येऊ. भूत परतल्यावर आपल्याला बरं का वाटतं? 2004 साली झुरिकमध्ये एक प्रयोग झाला. पैशांच्या खेळात ज्याने दगा दिला त्याला दंड करायची मुभा खेळाडूंना होती, आणि ते निर्णय घेत असताना त्यांच्या मेंदूचं चित्रण सुरू होतं. शिक्षा ठरवताना कॉडेट न्यूक्लियस हा भाग सक्रिय झाला. बक्षिसाची चाहूल लागली की मेंदूचा जो भाग जागा होतो, त्यातलाच हा. ज्यांच्यात तो जास्त पेटला, ते दंडासाठी स्वतःच्या खिशातले जास्त पैसे घालायलाही तयार होते. दोन वर्षांनी लंडनमध्ये टानिया सिंगर यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. खेळात अप्रामाणिक वागलेल्या माणसाला विजेचा झटका बसताना पाहून पुरुषांच्या मेंदूतला सहवेदनेचा प्रतिसाद ओसरला, आणि बक्षिसाशी जोडलेला भाग उजळला. स्त्रियांमध्ये तसा बदल दिसला नाही. अर्थात शिक्षा शारीरिक होती म्हणूनही असं झालं असेल, ही शंका संशोधकांनी स्वतःच नोंदवली होती.

पण मेंदू ज्याची वाट पाहतो ते प्रत्यक्षात मिळतं का? केविन कार्लस्मिथ आणि सहकाऱ्यांनी 2008 साली हेच तपासलं. गटाच्या खेळात एका खेळाडूने सगळ्यांना ‘चला, मिळून पैसे लावू’ असं सांगितलं आणि स्वतः मात्र हात आखडता घेतला. काहींना त्या खेळाडूला दंड करता आला, काहींना ती सोयच दिली नव्हती. दंड करून बरं वाटेल असा दोन्हीकडच्यांचा अंदाज. झालं उलटं. सूड घेतलेल्यांचा मूड जास्त वाईट होता आणि तेच त्या खेळाडूचा विचार जास्त करत राहिले. ज्यांना काही करता आलं नाही, त्यांच्या डोक्यातून तो विचार लवकर उतरला. ‘टॉर्मेंटेड’मधलं भूतही मेल्यानंतर त्याच शाळेत, त्याच चेहऱ्यांभोवती घोटाळतं.

चित्रपटाच्या तर्काशी इथे माझं भांडण आहे आणि ते स्पष्ट लिहायला हवं. मेल्यावर कुणाला ताकद मिळत नाही. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसतं आणि मदतीने ती टाळता येते. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात, किंवा कुणाच्या मुलाच्या मनात असे विचार येत असतील, तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा 14416 वर चोवीस तास उपलब्ध आहे.

आठवीत आमच्या वर्गात एका मुलाचा डबा रोज लपवला जायचा. लपवणारे तीन होते, हसणारे वीसेक. मी हसत नव्हतो, वहीत डोकं घालून बसायचो आणि स्वतःला चांगला मुलगा समजायचो. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिव्हाली यांनी 1996 साली वर्गातल्या मुलांच्या भूमिका मांडल्या, त्यात मला माझी जागा सापडली. छळणारा, त्याचे हस्तक, हसून चेतवणारे, छळ सोसणाऱ्याची बाजू घेणारे, आणि अलिप्त राहणारे. अलिप्त ही त्यातली एक भूमिकाच आहे, नाटकाबाहेरची खुर्ची नव्हे. टोरंटोच्या शाळांच्या मैदानांवर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर छोटे माइक लावून काही संशोधकांनी छळाचे प्रसंग टिपले. 88 टक्के प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं होती. मधे पडलं कुणी? फक्त 19 टक्के प्रसंगांत. पण जेव्हा एखादं मूल मधे पडलं, तेव्हा अर्ध्याहून अधिक वेळा दहा सेकंदांच्या आत छळ थांबला.

हे आकडे मला एखाद्या औषधाच्या शोधाइतके मोलाचे वाटतात. फिनलंडने बघणाऱ्यांच्या याच भूमिकेवर ‘किव्हा’ हा छळविरोधी कार्यक्रम उभा केला आणि 2009 पासून देशभरातल्या शाळांत नेला. छळणाऱ्याला बोलावून समज दिली जातेच. पण त्यात आणखी एक पाऊल आहे, जे बाहेरून कुणाला दिसतही नाही. शिक्षक वर्गातल्या दोन ते चार मुलामुलींना बाजूला घेतात. सगळ्यांना आवडणारी, शब्दाला वजन असलेली, मनाने चांगली अशी मुलं निवडतात आणि विचारतात, ‘त्याला थोडा आधार द्याल का? तुम्ही काय करू शकाल?’ मग ती मुलं डबा खाताना त्याच्या शेजारी जाऊन बसतात. डॅरनच्या शाळेत असा शिक्षक असता, तर त्याने सगळ्यांत आधी हेड गर्ल जस्टीनलाच बोलावलं असतं.